सहाच्या बातम्या आणि सीमाभागातला स्ट्रिंगर

ब्रिटनमध्ये संध्याकाळी सहाला बीबीसीवर ज्या बातम्या लागतात, त्या देणाऱ्या खुर्चीत २००३ पासून जवळजवळ वीस वर्षे एक श्रीलंकन तमिळ माणूस बसत होता. जॉर्ज अलगाया हे त्यांचे नाव. २४ जुलै २०२३ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगाने ते गेले. मुंबई-पुण्याकडच्या वाचकाला हे नाव फारसे ठाऊक नसेल, बेळगावात तर विचारायलाच नको. तरीही दूरचित्रवाणीवरच्या बातमीदाराची कारकीर्द कुठून सुरू होते आणि कशाच्या आधाराने उभी राहते, असे कोणी विचारले तर मी त्यांचेच उदाहरण देतो. परदेशांतून बातम्या पाठवणारा प्रतिनिधी आणि स्टुडिओत बसून बातम्या सांगणारा निवेदक अशी दोन्ही कामे त्यांनी केली, आणि पहिल्या कामाने दुसऱ्याला वजन आले. त्या वजनात काही वाटा अशा माणसांचाही असतो, ज्यांची नावे पडद्यावर कधी येत नाहीत. माझे बरेचसे आयुष्य त्यांच्यातच गेल्यामुळे या कारकिर्दीकडे मी त्यांच्या बाजूने पाहतो.

मी बेळगावात स्ट्रिंगर म्हणून काम केले. वाहिनीच्या पगारपत्रकावर नसलेला, बातमीमागे मानधन घेणारा, स्वतःच्या दुचाकीवर फिरणारा आणि वाहिनीचे नाव लिहिलेला बूम म्हणजे माइक पिशवीत बाळगणारा तो स्थानिक बातमीदार. सीमाभागात त्याला आणखी एक काम चिकटलेले असते. एक नोव्हेंबरचा, मराठी सीमावासीयांचा काळा दिन आला, किंवा डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटकाचे अधिवेशन भरले, की बाहेरून थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन येते. तिच्यातून उतरणाऱ्या वार्ताहराला कन्नड येत नसते, कॅम्प कुठे आणि शहापूर कुठे याचा पत्ता नसतो, आणि आधी मूक सायकल फेरीला जायचे की चन्नम्मा चौकातल्या कर्नाटक राज्योत्सवाला, हे त्याच्या डेस्कने अजून ठरवलेले नसते. हॉटेल, गाडी, बाइट देणारी म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलणारी माणसे आणि कन्नड बाइटचा मराठीतला अर्थ हे सगळे आम्ही पुरवायचे. मुंबईच्या वाहिन्यांचा कायमचा माणूस परदेशात बसलेला मला तरी भेटला नाही. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की त्यांचा परदेश सुरू होतो, आणि तिथले आम्ही रहिवासी.

अलगाया यांचा जन्म नोव्हेंबर १९५५ मध्ये कोलंबोत झाला. त्यांना वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, जून १९५६ मध्ये, सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, संसदेने सिंहली ही देशाची एकमेव राजभाषा ठरवणारा कायदा केला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला चंदगड तालुका वगळून आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. अलगाया यांचे वडील अभियंते होते. तमिळ माणसाला या देशात पुढे कितपत वाव राहील अशी शंका वाटू लागल्यावर १९६१ मध्ये ते कुटुंब घेऊन घानाला गेले. घानाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा चारच वर्षे झाली होती. तिथून मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या निवासी शाळेत ठेवण्यात आले. अकरा-बारा वर्षांचे होईपर्यंत या मुलाने तीन खंडांत तीन घरे पाहिली होती, आणि प्रत्येक ठिकाणी आजूबाजूचे लोक कसे बोलतात, कशाला हसतात, कुठे गप्प बसतात हे निरखल्याशिवाय त्याचा निभाव लागला नसता.

१९५६ हे साल समान आहे म्हणून तुलना ताणण्यात अर्थ नाही. आमच्याकडे आंदोलने झाली, गोळीबार झाले, हिंडलग्याला हुतात्म्यांचे स्मारक आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा आहे. पण सिलोनमध्ये १९५८ च्या दंगलीपासून जे होत गेले आणि १९८३ नंतर ज्याचे युद्ध झाले, त्याच्या शेजारी आमचे दुःख नेऊन ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. मला त्यात रस आहे तो एका मर्यादेपर्यंतच. शेताचा उतारा एका भाषेत आणि शेताची भांडणे दुसऱ्या भाषेत, अशा गावात वाढलेल्या मुलाला लहानपणापासून एक सवय लागते. सरकारी कचेरीत वडील ज्या चेहऱ्याने बोलतात तो चेहरा घरातला नव्हे, हे त्याला कोणी न सांगता कळते. पुढे तो बातमीदार झाला तर ही सवय त्याच्या कामी येते, आणि बातमीदारीच्या कोणत्याही अभ्यासक्रमात ती शिकवून येत नाही. अलगाया यांच्या वृत्तांतांत मला ती दिसते. दुसऱ्याच्या दारात उभे राहिलेल्या माणसाचे भान ते सहसा सोडत नाहीत.

त्यांच्या पिढीने ज्या पद्धतीची बातमीदारी पुढे नेली, तिचे एक ठळक रूप ऑक्टोबर १९८४ मध्ये जगाने पाहिले. २३ ऑक्टोबरला बीबीसीने इथिओपियातल्या कोरेमचा दुष्काळ दाखवला. प्रतिनिधी होते मायकेल बर्क, आणि कॅमेरा होता नैरोबीच्या मोहम्मद अमीन यांच्याकडे. पहाटेच्या गारठ्यात उघड्यावर पडलेली हजारो माणसे, कापडात गुंडाळून ठेवलेली प्रेते, आणि आवाज न चढवता मोजक्या शब्दांत केलेले निवेदन, असा तो काही मिनिटांचा वृत्तांत होता. त्यातून मदतीचा ओघ सुरू झाला आणि जुलै १९८५ मध्ये लंडन व फिलाडेल्फिया येथे ‘लाइव्ह एड’चे मोठे संगीत कार्यक्रम झाले. बर्क पुढे बीबीसीच्या रात्री नऊच्या बातम्यांचे निवेदक झाले. त्या वृत्तांतानंतर आठच दिवसांनी, ३१ ऑक्टोबरच्या सकाळी, दिल्लीत इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या मृत्यूची बातमी बीबीसी रेडिओने दिवसाच दिली होती. दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी ती संध्याकाळी वाचली. त्यात सुलतान यांचा दोष काहीच नव्हता. आपल्याकडे निवेदकाने बातमी वाचायची असे. ती मिळवणारे, पडताळणारे आणि केव्हा सांगायची हे ठरवणारे दुसरे होते.

वाचणाऱ्यांच्या त्या परंपरेला मी कमी लेखत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि स्मिता पाटील यांच्यापासून प्रदीप भिडे यांच्यापर्यंत अनेकांनी मराठी बातम्यांना जो स्वच्छ, तोल सांभाळलेला उच्चार दिला, तो आज शोधून सापडत नाही. गंमत अशी की सीमाभागात तो आवाज उशिरा पोचला. आमच्या घरच्या टीव्हीवर बेंगळुरूचे कन्नड कार्यक्रम आणि दिल्लीच्या हिंदी बातम्या यायच्या. मराठी बातम्या ऐकायच्या त्या आकाशवाणी सांगली लागले तर, आणि सकाळी वाचायच्या त्या ‘तरुण भारत’मध्ये. दूरदर्शनच्या जन्मकथेत बेळगावचा धागा शोधणारे लोक पु. ल. देशपांडे यांचे नाव घेतात. टिळकवाडीतल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात ते काही काळ शिकवत होते, आणि दिल्लीत दूरदर्शन अगदी बाल्यावस्थेत असताना त्यांनी पंडित नेहरूंची मुलाखत घेतली होती. हे सांगताना बेळगावकराची मान थोडी ताठ होते. ती होऊ द्यावी. आमच्या वाट्याला असे धागे थोडे आहेत.

अलगाया यांना निवेदकाची खुर्ची लवकर मिळाली नाही. डरॅम विद्यापीठातून बाहेर पडल्यावर १९८२ पासून सात वर्षे त्यांनी ‘साउथ’ नावाच्या मासिकात काम केले. विकसनशील देशांचे प्रश्न त्या देशांच्या बाजूने मांडणारे ते मासिक होते. १९८९ मध्ये ते बीबीसीत गेले. नंतरची दहा वर्षे त्यांनी प्रामुख्याने आफ्रिकेत काढली. सोमालियातले यादवी युद्ध आणि दुष्काळ, बुरुंडी, १९९४ मधला रवांडाचा नरसंहार आणि त्याचे परिणाम, वर्णभेद संपल्यानंतरची दक्षिण आफ्रिका, अशी ती यादी आहे. जोहान्सबर्ग हे त्यांचे ठाणे होते. उत्तर इराकमध्ये सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने कुर्दांवर केलेल्या अत्याचारांचे वृत्तांतही त्यांनी केले. लिहायला या सगळ्याला एक परिच्छेद पुरतो. पण त्यातल्या प्रत्येक नावामागे विमानतळावरचे तास, परवान्यांसाठी घातलेल्या खेपा, खराब पाणी, आणि ‘आज तुमच्याकडे नवे काय आहे?’ असे विचारणारा लंडनचा डेस्क असतो. आदल्या दिवशी ज्या चित्राने संपादक हादरला, तेच चित्र दुसऱ्या दिवशी त्याला शिळे वाटते आणि प्रतिनिधीला त्याहून भीषण काहीतरी शोधावे लागते, हे अलगाया यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. या नशेचे वर्णन इतक्या सरळपणे करणारे निवेदक मला फार भेटले नाहीत.

त्याच आठवणींत सोमालियातल्या एका गावचा प्रसंग आहे. साल १९९१ चे अखेरचे. उपासमारीने आणि रोगाने गावातली माणसे मरत होती. अलगाया आणि त्यांचे सहकारी झोपड्यांमधून चित्रीकरण करत फिरत होते. एका झोपडीतून एक चेहरा त्यांच्याकडे पाहून क्षणभर हसला. तिथे हसण्यासारखे काहीही नव्हते, म्हणून तो चेहरा त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी दुभाष्याला त्या माणसाकडे पाठवून कारण विचारले. उत्तर आले की अशा अवस्थेत आपण परक्या माणसाच्या दृष्टीस पडलो, याची त्याला लाज वाटली. अलगाया लिहितात की त्या हसण्याने पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातले नेहमीचे नाते उलटे झाले. त्या माणसाचे नाव मात्र त्यांना कधीच कळले नाही. मला यात दुभाष्याची चाल महत्त्वाची वाटते. तो मागे वळून त्या माणसाकडे गेला, त्याच्याशी दोन शब्द बोलला आणि उत्तर घेऊन आला. तो गेला नसता तर जगाला या हसण्याचा अर्थ कळला नसता. पण त्याचे नावही त्या प्रसंगात आपल्याला भेटत नाही.

असे हसणे मी पाहिलेले नाही, पण त्याच्या जवळचे काहीतरी पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा अशा सगळ्या नद्या एकाच वेळी पात्राबाहेर गेल्या. निपाणीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी चढले आणि वाहतूक थांबली. वडगाव-शहापूरकडे विणकरांच्या मागांच्या खड्ड्यांत पाणी भरले. दिल्लीच्या एका हिंदी वाहिनीचा तरुण वार्ताहर पाणी थोडे ओसरल्यावर आला आणि मी त्याच्याबरोबर वेदगंगेकाठच्या एका गावात गेलो. गाव मराठी बोलणारे. एका पडक्या भिंतीपाशी एक म्हातारी चिखलातून पितळी भांडी काढून ओळीने मांडत होती. हंडा, दोन तांबे, एक परात. परातीत तिने गाळ निथळत ठेवला होता, कारण त्या गाळात तिचे डोरल्याचे मणी पडले आहेत अशी तिची समजूत होती. कॅमेरामनने फ्रेम लावली. म्हातारीने आमच्याकडे पाहिले, हातातली परात खाली ठेवली आणि मला म्हणाली, ‘असं नको घेऊ वो. लुगडं भिजलंय माझं. थांबा जरा.’

ती शेजारच्या शाळेत गेली. पूरग्रस्तांना तिथेच ठेवले होते. वार्ताहराच्या कानात डेस्कवरून ‘तीन मिनिटांत लाइव्ह दे’ असा हुकूम चालू होता, तो मला त्याच्या कानाबाहेरही ऐकू येत होता. मी त्याला म्हातारीचे म्हणणे हिंदीत सांगितले. त्या पोराने कानातला इअरपीस काढला, खिशात घातला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. टीव्हीवाल्यांची टिंगल करण्याची आमच्याकडे रीत आहे, आणि बहुतेक वेळा ती योग्यच असते; पण हा पोरगा थांबला, हे मी पाहिले आहे. बऱ्याच वेळाने म्हातारी आली. कोणाचे तरी मागून आणलेले, आकाराने मोठे असलेले हिरवे लुगडे नेसून, केस बांधून, कपाळाला कुंकू लावून. मग तिने सांगितले: नदी रात्री कशी आली, म्हैस कशी सोडली, कागदपत्रांची पत्र्याची पेटी कुठे वाहून गेली. पूर्ण बाइट चांगला होता, मी तो शब्दन् शब्द हिंदीत लिहून दिला. तो वाहिनीवर लागला नाही. त्याच आठवड्यात, ५ ऑगस्टला, काश्मीरचे ३७० वे कलम हटवण्याची घोषणा झाली होती, ६ तारखेच्या रात्री सुषमा स्वराज गेल्या होत्या, आणि दिल्लीच्या रनडाऊनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या क्रमयादीत, बेळगावच्या पुराला जागा नव्हती. पुढचे कित्येक दिवस मी त्या गावाकडे गेलो की म्हातारी विचारायची, ‘कवा दावणार वो?’ दिल्लीच्या पोराला हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तो दिल्लीत होता.

बातमी पाठवून निघून जाणारा आणि बातमीनंतर तिथेच राहणारा यांच्यातला हा फरक आहे. परदेशी प्रतिनिधींच्या कारकिर्दी ज्यांच्या आधाराने घडल्या ते बहुधा राहणारे लोक असतात. कोरेमच्या वृत्तांताला जग बर्क यांचा वृत्तांत म्हणते. पण तिथे जाण्याची परवानगी मिळवण्यासाठी खटपट केली ती अमीन यांनी, आणि पूर्व आफ्रिका ही त्यांची स्वतःची भूमी होती. १९९१ मध्ये अदिस अबाबात दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट झाला, त्यात त्यांचा एक हात गेला. कृत्रिम हात बसवून ते पुन्हा कामाला लागले आणि १९९६ मध्ये अपहरण झालेले इथिओपियन विमान समुद्रात कोसळले, त्यात त्यांचा अंत झाला. एप्रिल २००३ मध्ये उत्तर इराकमध्ये बीबीसीचे जॉन सिम्प्सन ज्या ताफ्याबरोबर होते त्यावर अमेरिकेच्याच विमानाने बॉम्ब टाकला. सिम्प्सन जखमी झाले आणि बचावले. त्यांचा दुभाषा, पंचविशीतला कामरान अब्दुररझाक मुहम्मद, मारला गेला. सिम्प्सन यांनी नंतर त्याच्याविषयी वारंवार लिहिले आणि बोलले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ऑक्टोबर २०२३ पासून गाझामध्ये परदेशी वार्ताहरांना स्वतंत्रपणे जाऊ दिले गेलेले नाही. तिथल्या बातम्या जगापर्यंत आल्या त्या तिथेच राहणाऱ्या पत्रकारांमुळे. अल जझीराचे तिथले प्रमुख वाएल अल-दहदूह यांची पत्नी, मुलगा, मुलगी आणि नातू हल्ल्यात मारले गेले, आणि ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. त्यांना स्टुडिओतून कोणी ‘तिथे काय परिस्थिती आहे?’ असे विचारत असेल, तेव्हा तो प्रश्न किती अपुरा असेल याची कल्पना करता येते.

प्रश्नाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ‘काय सांगाल?’ हा आमच्या मराठी वाहिन्यांचा राष्ट्रीय प्रश्न आहे. अँकर समोरच्या प्रॉम्प्टरवरून चार ओळी वाचतो, दुसऱ्या चौकटीतल्या वार्ताहराचे नाव घेतो आणि म्हणतो, काय सांगाल? वार्ताहर उन्हात उभा असतो, गोंगाटात त्याला अर्धे ऐकू येत नाही, आणि अँकरने नुकत्याच वाचलेल्या चार ओळीच तो वेगळ्या क्रमाने परत सांगतो. ज्याने स्वतः उन्हात उभे राहून लाइव्ह दिले आहे, तो निवेदक असे विचारत नाही. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, पूल कधी बंद झाला, पलीकडच्या वाडीशी संपर्क आहे का, असे तो विचारतो, कारण वार्ताहराला तिथून काय दिसू शकते आणि काय दिसू शकत नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. ब्रिटनमध्ये अशा निवेदकांची एक परंपराच होती. सँडी गॉल हे त्यांपैकी. रॉयटर्समध्ये दहा वर्षे काढून १९६३ मध्ये ते आयटीएन या वृत्तसंस्थेत गेले आणि ‘न्यूज ॲट टेन’चे निवेदक म्हणून घराघरांत पोचले, पण खुर्ची मिळाली म्हणून त्यांनी फिरणे सोडले नाही. १९७२ मध्ये इदी अमीन यांच्या युगांडात त्यांना कोठडीत टाकण्यात आले, १९७५ मध्ये सायगाव पडताना ते तिथे होते, आणि पन्नाशी उलटल्यावर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्यांबरोबर त्यांनी डोंगरांतून पायी प्रवास केला. तिथल्या युद्धात पाय गमावलेल्यांसाठी पुढे त्यांनी संस्था काढली. जून २०२५ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी ते गेले.

अलगाया स्टुडिओत आल्यावर त्यांच्याही नशिबी एकदा असा प्रवास आला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या घरापर्यंतचा होता. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ते श्रीलंकेच्या किनाऱ्यावर, आपल्या आजोबांच्या घरी गेले. घर उद्ध्वस्त झाले होते. ज्या विहिरीपाशी ते लहानपणी बहिणींबरोबर खेळत, ती विहीर तेवढी त्यांना ओळखू आली; तीही दुरुस्त होण्यासारखी उरली नव्हती. आयुष्यभर इतरांच्या पडलेल्या घरांपुढे उभा राहिलेला माणूस आपल्या पडलेल्या घरापुढे उभा राहिला, तेव्हा मायक्रोफोन त्याच्याच हातात होता. अशा वेळी बोलावे किती आणि गप्प किती राहावे, याचा नियम कोणत्याही वाहिनीच्या शैलीपुस्तिकेत नसतो. आमच्याकडचे काही अँकर एवढ्या भांडवलावर आठवडाभर रडले असते.

२०१४ मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचे कळले तेव्हा तो चौथ्या टप्प्यात होता. उपचारांच्या मधल्या काळात ते पुन्हा पुन्हा बातम्यांवर परत आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये रोग आणखी पसरल्यावर थांबले. त्या वेळी इंग्लंडमध्ये आतड्याच्या कर्करोगाची सरकारी तपासणी साठाव्या वर्षी आणि स्कॉटलंडमध्ये पन्नासाव्या वर्षी सुरू होत असे, हा फरक त्यांनी जाहीरपणे निदर्शनास आणला आणि तो मिटावा म्हणून आवाज उठवला. स्वतःच्या आजाराविषयी बोलतानाही त्यांच्यातला बातमीदार वर्ष, वय आणि नियम यांना धरूनच बोलत राहिला.

अशा कारकिर्दी यापुढे होतील का, याविषयी मी साशंक आहे. परदेशात कायमचा माणूस ठेवणे महाग पडते, आणि पडद्यावर सहा माणसे भांडायला बसवणे स्वस्त पडते. दुसरीकडे, बातमी स्वतःच आता वेगळ्या वाटेने येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा उत्तर कर्नाटकातली कितीतरी मुले तिथे वैद्यकीय शिक्षण घेत होती. १ मार्चला हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी खारकीवमध्ये मारला गेला. त्या दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यांतले स्ट्रिंगर पालकांच्या घरी बसून, तळघरांत अडकलेल्या मुलांचे व्हिडिओ कॉल मोबाइलवरून मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. युद्धाची बातमी आमच्या दिवाणखान्यांतून बाहेर जात होती. त्यात घाई होती, काही चुकीचेही गेले असेल. पण कोणत्या तळघरात पाणी संपले आणि कोणत्या स्थानकावर भारतीय मुलांना गाडीत चढू देत नाहीत, हे त्या आयांना दिल्लीच्या स्टुडिओआधी कळत होते. कन्नड वाहिन्यांचे आणि मराठी वाहिन्यांचे स्ट्रिंगर तेव्हा एकमेकांच्या बाइटचा अर्थ एकमेकांना सांगत होते, एकाच चार्जरवर फोन लावत होते. एक नोव्हेंबरला आम्ही त्याच रस्त्यावर वेगवेगळ्या बाजूंना उभे असतो.

कडोलीची एक मुलगी पत्रकारितेचा अभ्यासक्रम करते आहे आणि तिला अँकर व्हायचे आहे. आवाज चांगला आहे, पाठांतर चांगले आहे, गावच्या साहित्य संमेलनात सूत्रसंचालन करते तेव्हा लोक तिचे नाव विचारतात. तिला मी अलगाया यांचे जुने वृत्तांत दाखवले. तिने मला त्यांचा हिशेब विचारला, तो मी सांगितला: मासिकात सात वर्षे, बीबीसीत गेले तेव्हा वय तेहेतीस, सहाच्या बातम्यांवर आले तेव्हा सत्तेचाळीस. तिने स्वतःच्या वयाशी तो ताडून पाहिला आणि म्हणाली, ‘तोवर टीव्ही राहतोय काय वो काका?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तिला सध्या मी एवढेच काम दिले आहे की गावची पुढची ग्रामसभा शेवटपर्यंत बसून ऐकायची, कन्नडमध्ये वाचलेले ठराव आणि मराठीत झालेली भांडणे दोन्ही लिहून आणायची, आणि बोललेल्या प्रत्येक माणसाचे नाव त्यालाच विचारून घ्यायचे.